काकूंच्या प्रवासाचं पाणी

मी आज जो काही आहे, त्यात सर्वांत मोठा वाटा देवळाली कॅम्पातल्या एका काकूंचा आहे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. चांदवडहून बारावी पास होऊन मी नाशकात कॉलेजला आलो, वसतिगृहात जागा मिळाली नाही, आणि शाळेतल्या एका सरांच्या ओळखीने काकूंच्या घराची मागची खोली मला मिळाली. त्या खोलीत राहून मी रसायनशास्त्राचा पदवीधर झालो. माझे वडील बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उचलत, आई दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जाई. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मी गणितात नापास झालो. कोणाला न सांगता पेटी भरली आणि एसटी स्टँडवर जायला निघालो. काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, खोलीत आल्या आणि माझ्या पेटीवर बसल्या.

"पेटी न्यायची असेल तर मला धरून न्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "आणि मी काही हलकी नाही."

"काकू, मला नाही जमणार हे."

"मग इथेच बसून नाही जमणार म्हण. तेच म्हणायला चांदवडचं तिकीट कशाला काढायचं?"

काकूंचे यजमान तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते दारात उभे राहून हसत होते. "सोड रे पेटी," ते म्हणाले. "मी तोफा हलवल्यात, हिला हलवता आलेलं नाही."

मी राहिलो. पुढची सगळी वर्षं परीक्षेच्या दिवसांत काकू माझ्या खोलीचा दिवा बंद झाला की नाही हे बघत आणि बंद झाला नसेल तर दुधाचा पेला आणून ठेवत. निकालाच्या दिवशी त्यांनी मला घेऊन सगळ्या शेजाऱ्यांकडे पेढे वाटले, आणि प्रत्येक घरी 'आमचा मुलगा' म्हणाल्या. माझी आई तेव्हा दारात, मागे उभी होती. तिला ते खटकलं नाही. घरी जाताना ती मला म्हणाली, "दोन आया हायेत तुला. एकीचं इसरलास तरी चालंल, दुसरीचं नाय." कोणाचं विसरलेलं चालेल ते तिनं सांगितलं नाही.

मला नोकरी लागल्यावर काही वर्षांनी काकूंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीनं आपलं एक मूत्रपिंड दिलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण खरी भीती त्यानंतर सुरू झाली. दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून जी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात, ती शरीराची राखण करणारी ताकदच कमी करतात. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "तुमच्या-माझ्या पोटात जे चार तासांत निघून जाईल, ते यांच्या जिवावर येऊ शकतं. पाणी सांभाळा. साधा जुलाब यांच्यासाठी साधा नाही."

त्या दिवसापासून काकूंच्या घरात पाणी ही जपून हाताळायची वस्तू झाली. पिण्याचं उकळलेलं, दात घासायचं उकळलेलं, फळं धुवायचं उकळलेलं. बाहेर खाणं बंद, लग्नकार्य बंद, परगावी जाणं बंद. काकू तोंडाला मास्क लावून दवाखान्यात जात आणि परत येत. एकदा त्या काकांना म्हणाल्या, "तुम्ही देशाच्या सगळ्या सीमा बघितल्यात. मला एक समुद्र दाखवायचा राहिला तुमच्याकडून." काका सुट्टीवर येत तेव्हा दर वेळी निवृत्तीनंतर जाऊ म्हणत, हे मला माहीत होतं.

उपाय मी सुचवला. मी सातपूरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये काम करतो. आम्ही मोठ्या व्हॅन घेऊन त्यांच्या कॅम्पर करतो, म्हणजे चाकांवरचं छोटं घर. आत पलंग, ओटा, संडास-बाथरूम, आणि पलंगाखाली पाण्याची टाकी. पंप लावलेला असतो, नळ उघडला की घरासारखं पाणी येतं. काही गाड्या आम्ही भाड्यानेही देतो. मी काकांना म्हणालो, हॉटेल नको, दुसऱ्याचा संडास नको, दुसऱ्याच्या हातचं पाणी नको. सगळं आपलं बरोबर घेऊन जा. काकूंनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर बराच वेळ विचार करून म्हणाले, पाण्याची खात्री असेल तर जा.

पाण्याची खात्री मी द्यायची होती.

या कामाची भीती मला लहानपणापासूनची आहे. मी पाचवीत असताना आमच्या गावात गॅस्ट्रोची साथ आली. विहिरीत जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकायची राहून गेली होती. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून लोकांना झोपवलं होतं आणि सलाइनच्या बाटल्या खिडक्यांच्या गजांना टांगल्या होत्या. मीही त्यात होतो. मला आठवतं ते गजाला टांगलेल्या बाटलीतून पडणारे थेंब आणि बाहेर आईचा आवाज, ती प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती की आपला मुलगा डोळे का मिटतोय. माझ्या शेजारच्या सतरंजीवर माझ्या वर्गातली एक मुलगी होती. शाळा पुन्हा भरली तेव्हा ती आली नाही. तेव्हापासून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर माझा विश्वास नाही. मी रसायनशास्त्र घेतलं ते त्या बाटल्यांमुळे की काय, मला सांगता येणार नाही.

काकूंसाठी जी कॅम्पर मिळाली ती पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आधीच्या गिऱ्हाइकांनी टाकी रिकामी केली नव्हती. मी तळाचा व्हॉल्व्ह उघडला तेव्हा बाहेर आलेल्या पाण्याला फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखा वास होता. नळाच्या तोंडात बोट घातलं तर बुळबुळीत थर लागला. घरातला माठ तुम्ही हात घालून घासू शकता. कॅम्परच्या टाकीत हात जात नाही. ती पलंगाखाली असते, तिच्यापासून निघालेल्या नळ्या लाकडाच्या मागून फिरतात, आणि आत काय आहे ते फक्त बाहेर येणाऱ्या पाण्यावरून ओळखायचं असतं.

मी टाकी धुऊन रिकामी केली. कोळशाचा फिल्टर काढून ठेवला, कारण तो क्लोरीन शोषून घेतो आणि स्वतःही निकामी होतो. टीसीएल पावडरीचा चुना टाकीच्या तळाशी बसतो, म्हणून आम्ही बिनवासाचं द्रवरूप ब्लीच वापरतो. ते आधी बादलीत पाण्यात मिसळायचं, मग टाकीत ओतायचं, आणि टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आतलं छतही भिजतं. मी मोजमाप कागदावर केलं, मोबाइलवर केलं आणि पुन्हा कागदावर केलं. कमी पडलं तर जंतू राहतील आणि जास्त पडून नीट धुतलं गेलं नाही तर तेच काकूंच्या पोटात जाईल. दोन्हीकडून भीती होती. मग पंप चालू करून एकेक नळ उघडला, क्लोरीनचा वास येईपर्यंत वाहू दिला आणि बंद केला. ओट्याचा थंड, ओट्याचा गरम, बेसिनचा, शॉवरचा, संडासाच्या फ्लशचा. रात्रभर ते पाणी आत मुरू दिलं. सकाळी सगळं सोडून दिलं, महापालिकेचं क्लोरीन घातलेलं ताजं पाणी भरलं, पुन्हा सोडलं, पुन्हा भरलं.

शेवटची टाकी भरत असताना माझं लक्ष गाडीच्या मागच्या बाजूला गेलं. तिथे पाय धुवायला एक लहान नळ असतो. तो कोणी वापरत नाही, म्हणून मी तो उघडलाच नव्हता. त्या नळापर्यंतच्या नळीत पावसाळ्यापासूनचं शिळं पाणी तसंच बसलेलं होतं, आणि ती नळी बाकीच्या नळ्यांनाच जोडलेली होती. मी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं.

आमचा फिटर बिडी ओढत बघत होता. "भाऊ," तो म्हणाला, "बाळंतिणीची खोलीही कोणी एवढी धूत नाही. आता टाकीला तीट लाव म्हणजे झालं."

"कोणासाठी आहे माहीत आहे का तुला?"

"माहीत आहे. म्हणूनच गप आहे, नाहीतर दुपारीच टोपणनाव ठेवलं असतं तुला."

शेवटी मी ओटी टेस्ट केली. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते बघायची ही सोपी चाचणी, गावोगावचे आरोग्यसेवक करतात तीच. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. फिका पिवळा रंग आला म्हणजे पाण्यात राखण आहे. प्रत्येक नळाच्या पाण्याला तो फिका पिवळा रंग आला. टाकीत पाणी भरायचं, गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेलं झाकण मी लावलं आणि किल्ली त्यालाच राहू दिली, कारण सकाळी ती काकांच्या हातात द्यायची होती.

निघायच्या दिवसासाठी माझी आई मुद्दाम गावाहून आदल्या रात्री आली होती. काकूंची गाडी निघणार आणि आपण पाया पडायला नाही, हे तिला पटेना. पहाटे ती, मी आता भाड्याने राहतो तिथल्या घरमालकिणीबरोबर गंगेवर गेली. नाशकात गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. तिथून ती रिक्षानं वर्कशॉपवर आली तेव्हा तिच्या हातात नारळ, हार आणि पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा कॅन होता. गावाकडं न्यायला घेतली असेल गंगा, असं मला वाटलं. दर वेळी नेतेच.

काकू मास्क लावून खुर्चीवर बसल्या होत्या. आई पाया पडायला वाकली तशा त्या मागे सरकल्या.

"लांबूनच हं. सध्या मला देवासारखं सगळे लांबूनच भेटतात."

"देवच हायेत तुमी आमचे," आई म्हणाली.

"देव एवढ्या गोळ्या खात नाही, बाई."

काकांनी चाकाखाली लिंबू ठेवलं. आईनं गाडीला हळदकुंकू लावलं, हार घातला, गाडीभोवती फिरून आली. मी काकूंना आत नेऊन ओट्याचे नळ दाखवत होतो. पिण्याचं पाणी उकळायचं हे त्यांना सांगायची गरज नव्हती. बाकीचं, तोंड धुवायचं, भांडी विसळायचं, फळं धुवायचं, ते टाकीतलं सरळ वापरा, मी म्हणालो, मी खात्री केली आहे. त्यांनी मान डोलावली. त्यांनी मला एकदाही 'नक्की ना' असं विचारलं नाही. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा काकू खिडकीतून हात हलवत होत्या. पहिला मुक्काम भंडारदऱ्याच्या तलावाकाठी करायचा आणि मग घाट उतरून कोकणात जायचं असं ठरलं होतं.

दुपारी मी आईबरोबर खोलीवर जेवायला बसलो. तिचा कॅन दाराशी रिकामा पडलेला दिसला.

"गंगा सांडली का?" मी विचारलं.

"सांडंल कशी? टाकीत सोडली की."

"कुठल्या टाकीत?"

"गाडीच्या. तू आत व्हता तवा. किल्ली तिथंच व्हती, झाकन फिरवलं आन् सोडली. त्या पान्याला दवाखान्यावानी वास येत व्हता, बाबा. म्हनलं, असलं पानी त्या माऊलीला? आपल्या इहिरीला पानी लागलं तवा तुझ्या आजीनं पयली गंगा सोडली, मंग घरात पानी आनलं. लेकरानं एवढं धुतलं-पुसलं, आन् गंगाच नाय सोडली, असं कसं चालंल?"

मी हातातला घास ताटात ठेवला. आमच्याकडे नव्या विहिरीत, नव्या टाकीत गंगा सोडल्याशिवाय ते पाणी पाणी मानत नाहीत, हे मला जन्मापासून माहीत होतं. फक्त कॅम्परची टाकीही टाकीच आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि गंगेवर पहाटे हजारो माणसं अंघोळ करतात, फुलं सोडतात, अस्थी सोडतात. ते पाणी पिऊन माझ्या आईला कधी काही झालं नाही. काकूंना होऊ शकत होतं.

मी काकांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. काकूंना लावला, तेच. मी टेस्टची पेटी, ब्लीचची बाटली पिशवीत टाकली आणि मोटारसायकल काढली. आई चप्पल घालून मागे येऊन बसली.

"तू कशाला?"

"मी सोडलंय, मी सांगते त्यांना."

घोटीला मी पिण्याच्या पाण्याच्या बंद बाटल्यांचं खोकं घेतलं आणि ते आईच्या मांडीवर ठेवलं. गाडी पुन्हा सुरू झाल्यावर तिनं पाठीमागून विचारलं, "अरे, गंगा कुनाला बाधती का?"

"आपल्याला नाही बाधत, आई. त्यांना बाधेल. त्यांच्या अंगात आता ताकदच ठेवलेली नाही, औषधानं काढून घेतलीय."

"मंग आधी सांगायचं व्हतं."

"टाकीत काही घालू नको, असं कोणी आपल्या आईला सांगतं का?"

"सांगत्यात की. इरजनाला हात लावू नको म्हनून सांगत्यातच ना."

मला राग आला होता, पण तिचं बरोबर होतं. नंतर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तो भंडारदऱ्यापर्यंत काढला नाही. रस्ता वळणावळणाचा होता आणि प्रत्येक वळणावर मला वाटत होतं, आत्ता काकू नळ उघडत असतील.

कॅम्पर तलावाच्या काठी, झाडाखाली उभी होती. काकू बाहेर घडीच्या खुर्चीत, मास्क हनुवटीवर ओढून पाण्याकडे बघत बसल्या होत्या. इतक्या मोकळ्या त्या मला किती दिवसांनी दिसल्या होत्या.

"आलास?" त्या म्हणाल्या. "पाळत ठेवायला आलास की चहाला?"

"काकू, टाकीतलं पाणी कशाकशाला वापरलंत?"

माझ्या आवाजावरून त्यांना काहीतरी कळलं. त्यांनी मास्क वर घेतला. "तोंड धुतलं. चूळ भरली. आणि वाटेत पेरू घेतले होते, ते धुऊन खाल्ले. का?"

मी सांगण्याआधीच आई पुढे आली आणि तिनं सगळं सांगितलं, काहीही न वगळता. ती सांगत असताना काकांनी गॅस बंद केला. ते गाडीला टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, पाहायची हिंमत नव्हती.

मी नळाचं पाणी घेऊन टेस्ट केली. थेंब टाकले आणि वाट पाहिली. पाण्याला रंग आला नाही. काल प्रत्येक नळाला पिवळं झालेलं तेच पाणी, आज नुसतं स्वच्छ, आरपार दिसणारं. गंगेच्या पाण्यातल्या मळाशी झुंजून त्यातली राखण संपली होती.

काका रेंज मिळेपर्यंत रस्त्यानं वर चालत गेले आणि डॉक्टरांशी बोलून आले. ताप, थंडी, जुलाब, काहीही दिसलं की लगेच नाशिक. दिसलं नाही तर लक्ष ठेवा. तोवर मी टाकी सोडून दिली, सोबत आणलेलं ब्लीच घालून जवळच्या गावच्या नळावरून पुन्हा भरली, सगळे नळ चालवले, मागचासुद्धा. सकाळपर्यंत कोणी नळाला हात लावायचा नाही, सकाळी टाकी सोडून, धुऊन, पुन्हा भरायची, हे काकांना दोनदा सांगितलं. बंद बाटल्या आत ठेवल्या.

"आपण परत जाऊ," काका काकूंना म्हणाले.

"पेरू तर पोटात गेलाय. तो नाशकात जाऊन बाहेर येणार आहे का?" काकू म्हणाल्या. "एवढ्या लांब आले. समुद्र अजून पुढे आहे." मग त्या आईकडे वळल्या. आई जमिनीकडे बघत उभी होती. "अहो, इकडे बघा. माझ्यासाठी गंगेवर पहाटे कोण गेलं होतं आजवर? मला काही होत नाही. तुम्ही निवांत घरी जा."

आईनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकूंना काही झालं नाही. ते घाट उतरून पुढे निघाले. तिसऱ्या दिवशी, समुद्र अजून काही तास लांब असताना, काकूंना हुडहुडी भरून आली. मग ताप आणि मग जुलाब. काकांनी आहे तिथून कॅम्पर वळवली आणि कुठेही न थांबता नाशिकच्या हॉस्पिटलच्या दारात आणून उभी केली. मी तिथे वाट बघत होतो. स्ट्रेचरवर घेताना काकूंचे ओठ कोरडे पडले होते, डोळे अर्धवट मिटलेले होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुझ्या आईला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "समुद्रावर आहोत म्हण."

त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. आत फक्त काकांना, तेही गाऊन आणि मास्क घालून, दिवसातून एकदा. बाकी सगळा वेळ आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. रोज रक्ताचा रिपोर्ट यायचा आणि त्यात क्रिएटिनिन किती हे बघायचं असायचं. तो आकडा वाढला म्हणजे बहिणीनं दिलेलं मूत्रपिंड थकतंय. पहिले दिवस तो वाढतच गेला. रिपोर्ट घेऊन येणाऱ्या मुलीची पावलं ओळखू यायला लागली. हे पाण्यानंच झालं असं कोणी डॉक्टर म्हणाले नाहीत. पाण्यानं झालं नाही, असंही म्हणाले नाहीत. काका एकदा म्हणाले, "मी तुझ्या आईला दोष देत नाही. पण सध्या ती समोर आली तर मला बोलता येणार नाही. तिला आणू नकोस." मी म्हणालो, आणणार नाही.

आई गावाला परतली होती. ती रोज संध्याकाळी फोन करून विचारायची आणि मी काकूंनी सांगितलेलं खोटं बोलायचो.

आज काकू घरी आहेत. औषधं वाढली आहेत, पण मूत्रपिंड टिकलं. म्हणूनच हे सगळं लिहायचं धैर्य मला आलं. पण खालचं पत्र मी त्यांना पाठवलं तेव्हा यातलं काहीच मला माहीत नव्हतं. त्या दिवशी ताप पहिल्यांदा थोडा उतरला होता आणि आकडा मात्र होता तिथेच होता. त्या वेगळ्या खोलीत त्यांच्याजवळ फोन ठेवू दिला नव्हता. नर्सनं कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून, पाकीट पुसून आत न्यायला परवानगी दिली, आणि काका तो घेऊन गेले.

काकू,

काकांनी सांगितलं की आज तुम्ही त्यांना ओळखलंत आणि चहा मागितलात. म्हणून लिहायचं धाडस करतो आहे. अक्षर मोठं काढलं आहे, चष्मा लावायला लागू नये म्हणून.

कॅम्पर वर्कशॉपमध्ये परत आली आहे. मी तिला अजून हात लावलेला नाही. फिटरनं परवा पंप चालू केला तेव्हा तो आवाज ऐकून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला भीती वाटते, हे तुम्हाला या वेळी लिहू नये हे कळतं. पण दुसरं काही लिहिलं तर तुम्ही अक्षरावरून ओळखाल.

तुमच्या उपकारांबद्दल मी तुम्हाला कधी बोललो नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं. आजही बोलत नाही. बऱ्या झालात की तेव्हाही बोलणार नाही, एवढं वचन देतो.

आईला तुम्ही सांगितलंत तसंच सांगितलं आहे. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, पोचल्या का? मी म्हणालो, पोचल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय जेवल्या? मी वरणभात सांगितला. तिनं विचारलं, पोट बरं आहे ना? मी हो म्हणालो. काल तिनं विचारलं, समुद्राचा आवाज त्यांना रात्री झोपू देतो का? मी कधी समुद्राकाठी झोपलेलो नाही, काकू. मी म्हणालो, विचारून सांगतो.

आज संध्याकाळी तिचा पुन्हा फोन येईल. काय सांगू ते लिहून पाठवा. एक ओळ पुरे. लिहवत नसेल तर काकांना सांगा, ते मला सांगतील. तुम्हालाही तो आवाज माहीत नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्ही जे म्हणाल ते मी तिला सांगेन, आणि मग ते खरं आहे की नाही हे बघायला तुम्हाला जावंच लागेल.

मी खालीच आहे, लिफ्टच्या डावीकडच्या बाकावर. फोन यायला अजून वेळ आहे.